राजपत्रातून सत्ताविभाजन कसे वाचावे

गोव्याच्या राज्यकारभाराची तिन्ही अंगे आज पर्वरी या एकाच गावात आहेत. विधानसभा संकुल तेथे आहे, मंत्रालय तेथे आहे, आणि २०२१ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे गोवा खंडपीठही पणजीहून तेथेच आले आहे. मुक्तीनंतरची कितीतरी वर्षे विधानसभा आणि सचिवालय ही दोन्ही पणजीत मांडवीकाठच्या आदिलशहाच्या वाड्यात एका छपराखाली होती. आता प्रत्येकाची इमारत वेगळी झाली. पण कोणती सत्ता कोठे संपते आणि दुसरी कोठे सुरू होते, हे इमारतींकडे पाहून कळत नाही. ते कागद वाचून कळते, आणि तो कागद कसा वाचावा एवढेच येथे सांगायचे आहे.

हे लिहिण्याचे कारण साधे आहे. कायदे करते ते विधिमंडळ, ते अमलात आणते ते कार्यकारी मंडळ आणि तंटे सोडवते ते न्यायमंडळ, हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांना शाळेपासून पाठ असते. मात्र गावातल्या डोंगराचा वापर बदलणारी अधिसूचना हाती आली, किंवा प्रभागांचे आरक्षण जाहीर झाले, की हा निर्णय नेमक्या कोणत्या सत्तेतून आला आणि त्याचा जाब कोणाला विचारायचा, हे सुशिक्षित माणसालाही चटकन सांगता येत नाही. मग आमदाराकडे नेण्याचे गाऱ्हाणे न्यायालयात जाते, न्यायालयात नेण्याचे मंत्र्याच्या दारात जाते, आणि दरम्यान हरकतीची मुदत निघून जाते.

सिद्धान्त किती लक्षात ठेवावा

सिद्धान्ताचा फार विस्तार नको, पण त्याची भारतीय वाट ठाऊक असावी. माँतेस्क्यू या फ्रेंच विचारवंताने १७४८ मध्ये मांडलेले सूत्र असे होते की कायदा करणारा, राबवणारा आणि निवाडा देणारा हात एकच झाला, तर नागरिकाचे स्वातंत्र्य उरत नाही. अमेरिकेने हे सूत्र आपल्या राज्यघटनेचा कणा केले. आपल्या संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये प्रा. के. टी. शाह यांनी तिन्ही अंगांच्या संपूर्ण विभक्तीचे कलम सुचवले होते, आणि सभेने ते नाकारले. त्याआधीच, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कारण स्पष्ट केले होते: अध्यक्षीय पद्धतीत स्थैर्य अधिक मिळते, संसदीय पद्धतीत उत्तरदायित्व अधिक मिळते, कारण तेथे सरकारची परीक्षा केवळ निवडणुकीत नव्हे तर सभागृहात दररोज होते; आणि मसुद्याने स्थैर्यापेक्षा उत्तरदायित्वाला झुकते माप दिले आहे.

म्हणजे आपल्याकडे मंत्री हा आमदारच असतो, आणि हा घटनाकारांनी समजून-उमजून केलेला निर्णय आहे, हे आधी मान्य करावे. कार्यपालिकेपासून न्यायसंस्था वेगळी करण्यासाठी राज्याने पावले उचलावीत, एवढे मात्र अनुच्छेद ५० ने सांगितले. पुढे १९५५ मध्ये, पंजाब सरकारने शालेय पुस्तकांचे प्रकाशन आपल्याकडे घेतल्यावरून राम जवाया कपूर यांचा जो खटला झाला, त्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की आपल्या संविधानाने सत्ताविभाजन कडक स्वरूपात स्वीकारलेले नाही, पण प्रत्येक अंगाचे काम पुरेसे वेगळे आखलेले आहे आणि एकाने दुसऱ्याचे मूळ काम बळकावणे त्याला मान्य नाही. १९७५ मध्ये पंतप्रधानांच्या निवडणुकीचा वाद संसदेने घटनादुरुस्ती करून स्वतःच निकाली काढला, तेव्हा ते कलम न्यायालयाने रद्द केले. तंटा ऐकून निवाडा देणे हे कायदा करण्याहून निराळे काम आहे, ही गोष्ट त्या निकालाने पक्की झाली. यापुढचे सर्व कागदावर आजमावता येते.

कागद कोणत्या जातीचा आहे

पहिले काम म्हणजे मूळ कागद मिळवणे. वर्तमानपत्रातील बातमी किंवा भ्रमणध्वनीवर फिरणारे छायाचित्र पुरत नाही. गोवा शासनाचे राजपत्र, म्हणजे सरकारचे कायदे व आदेश छापणारे अधिकृत पत्र, तीन मालिकांत निघते आणि ते संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येते. पहिल्या मालिकेत विधेयके, अधिनियम, अध्यादेश आणि नियम असतात. दुसऱ्या मालिकेत खात्यांचे आदेश, नेमणुका आणि अधिसूचना. तिसऱ्या मालिकेत जाहिराती व नोटिसा. केवळ मालिका पाहिली तरी अर्धे उत्तर मिळते, म्हणून अंकाच्या पहिल्या पानावरची मालिका आणि तारीख आधी टिपून ठेवावी.

राजपत्र वाचण्याचे मोल किती मोठे असू शकते, याचे माझ्या मते सर्वोत्तम उदाहरण पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील डॉ. डी. सी. वाधवा यांचे आहे. ते बिहारमधील जमिनीच्या प्रश्नाचा अभ्यास करीत होते. तेथील राजपत्रे चाळताना त्यांच्या ध्यानात आले की तेच तेच अध्यादेश पुन्हा पुन्हा काढले जात आहेत. विधानसभा बसलेली नसताना तातडीची गरज म्हणून राज्यपालांना अनुच्छेद २१३ खाली अध्यादेश काढता येतो, आणि सभागृह पुन्हा भरल्यापासून ६ आठवड्यांनी तो आपोआप संपतो. बिहारमध्ये १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश असे पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवले गेले होते, त्यांपैकी काही तर तब्बल १४ वर्षे. वाधवा सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९८६ मध्ये न्यायालयाने ही प्रथा म्हणजे संविधानाशी केलेली प्रतारणा ठरवली. एका अभ्यासकाने तारखा नीट मांडल्या, यातून हे घडले. म्हणून राजपत्रात अध्यादेश दिसला, की त्याच्या शेजारी तीन तारखा लिहाव्यात: तो निघाल्याची, सभागृह पुढे भरल्याची, आणि त्यानंतर ६ आठवडे पुरे होण्याची.

अधिकार कोठून आला

आता दुसऱ्या मालिकेतील एखादी अधिसूचना समोर ठेवा आणि पहिले वाक्य सावकाश वाचा. ते वाक्य लांबलचक असते आणि लोक ते ओलांडून पुढे जातात. त्यात लिहिलेले असते की अमुक अधिनियमाच्या अमुक कलमाने दिलेल्या अधिकारांचा वापर करून गोवा सरकार पुढील आदेश देत आहे. शेवटी, राज्यपालांच्या आदेशावरून व त्यांच्या नावाने, अशी ओळ असते आणि खाली बहुधा अवर सचिवाची सही असते. राज्यपालांनी तो कागद हाती घेतलेला असतोच असे नाही. अनुच्छेद १६६ प्रमाणे राज्याचा प्रत्येक कार्यकारी निर्णय त्यांच्या नावाने निघतो, एवढाच त्याचा अर्थ आहे. खरा निर्णय खात्याचा, आणि उत्तरदायी मंत्री त्या खात्याचा. गावच्या वाचनालयात असा एक कागद आम्ही चारपाच जणांनी ओळीओळीने वाचला, तेव्हा एका निवृत्त मास्तरांनी कलमाच्या आकड्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि म्हटले, ‘‘याच्या पाळामुळांचा शोध घेऊया.’’ नंतरची सगळी चर्चा त्या रेघेवरूनच झाली.

त्या रेघेचे काम असे. ते कलम मूळ अधिनियमात उघडून पाहावे आणि त्यात सरकारला नेमके काय करण्याची मुभा आहे, हे पाहावे. विधिमंडळ तपशिलाचे नियम करण्याचे काम सरकारकडे सोपवते, कारण प्रत्येक शुल्क आणि प्रत्येक अर्जाचा नमुना सभागृहात ठरवणे शक्य नसते. मात्र कायद्याचे धोरण ठरवणे हे विधिमंडळाचे स्वतःचे काम आहे आणि ते दुसऱ्याच्या हवाली करता येत नाही. हे तत्त्व १९५१ च्या दिल्ली कायद्यांच्या प्रकरणापासून मान्य आहे. त्यामुळे विचारायचे ते असे: कलमाने जेवढे दिले, तेवढ्यातच ही अधिसूचना आहे का? की कायद्यात नसलेले बंधन किंवा कायद्यात नसलेली सूट तिने मागच्या दाराने आणली आहे? आणि हे नियम सभागृहाच्या पटलावर ठेवण्याची अट कायद्यात असेल, तर ते ठेवले गेले का? शेवटची माहिती माहितीच्या अधिकारात विधिमंडळ सचिवालयाकडूनही मागता येते.

कागदावर कोणत्याच कलमाचा उल्लेख नसेल, तो केवळ परिपत्रक असेल, तर आणखी एक भेद करावा. कायदा नसतानाही सरकार पुष्कळ कामे करू शकते. पुस्तके छापू शकते, योजना आखू शकते. पण तुमचा हक्क काढून घ्यायचा असेल किंवा तुमच्यावर कर बसवायचा असेल, तर त्याला कायद्याचाच आधार लागतो, परिपत्रकाचा चालत नाही.

एकाच माणसाच्या दोन खुर्च्या

व्यवहारात सत्ताविभाजन बिघडते ते बहुतेक वेळा येथे, आणि म्हणून यावर मी जास्त थांबणार आहे. सही करणाऱ्याचे नाव पाहून झाले की त्याच व्यक्तीकडे आणखी कोणते पद आहे, हे पाहावे.

गोव्यातील सर्वांत बोलके प्रकरण २०२०-२१ चे आहे. राज्याच्या कायदा सचिवांकडे राज्य निवडणूक आयुक्तपदाचा अतिरिक्त ताबा देण्यात आला होता. पंचायतींच्या आणि पालिकांच्या निवडणुका घेणारा हा आयुक्त अनुच्छेद २४३-के खालील घटनात्मक अधिकारी आहे. सरकार पक्षकार असलेल्या लढतीत त्याने पंचाचे काम करायचे असते. कायदा सचिव मात्र सरकारचाच सल्लागार नोकर. पालिका प्रशासनाने प्रभागांच्या आरक्षणाचा जो आदेश काढला, त्याला आव्हान मिळाले. १ मार्च २०२१ रोजी उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मडगाव, मुरगाव, म्हापसा, केपे आणि सांगे या पाच पालिकांपुरता तो आदेश रद्द केला. १२ मार्च रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उचलून धरला आणि त्यापुढे जाऊन देशभरासाठी सांगितले की सरकारी सेवेत असलेल्या व्यक्तीला राज्य निवडणूक आयुक्त नेमता येणार नाही. सरकारी पदावरील माणसाकडे हे काम सोपवणे ही संविधानाची थट्टा आहे, असे कठोर शब्द न्यायालयाने वापरले. गोव्यासारख्या छोट्या राज्यातील पाच पालिकांच्या वादातून सगळ्या राज्यांना बंधनकारक असा नियम निघाला, याचा मला अभिमान वाटतो. आणि तो ज्यातून निघाला, तो अतिरिक्त ताब्याचा आदेश म्हणजे एरवी कोणी दुसऱ्यांदा वाचला नसता असा कागद होता.

दुसरी खुर्ची सभागृहातच आहे. ९१ व्या घटनादुरुस्तीने २००३ मध्ये मंत्रिमंडळाचा आकार सभागृहाच्या १५ टक्क्यांवर बांधला, पण लहान राज्यांसाठी मुख्यमंत्र्यांसह किमान १२ मंत्र्यांची सोय ठेवली. गोव्याच्या ४० जणांच्या सभागृहात १५ टक्के म्हणजे ६ होतात; प्रत्यक्षात १२ मंत्री करता येतात, म्हणजे ३० टक्के. सभापती आणि उपसभापती वगळले तर उरतात २६, आणि त्यांतले सत्ताधारी बाजूचे किती जण महामंडळांच्या अध्यक्षपदांवर आहेत, हे नेमणुकांचे आदेश पाहून मोजावे. सरकारला प्रश्न विचारायला खऱ्या अर्थाने मोकळे किती आमदार उरतात, हा आकडा तुम्ही स्वतः काढावा. त्याने जे कळते ते कोणत्याही व्याख्येने कळत नाही. मंत्रिपदाची मर्यादा वळसा घालून पार करण्यासाठी काही आमदारांना मंत्र्यांच्या दर्जाचे संसदीय सचिव करण्याचा प्रयोगही गोव्यात झाला होता, आणि उच्च न्यायालयाने २००९ मध्ये त्या नेमणुका रद्द केल्या.

तिसरी खुर्ची गावाच्या सर्वांत जवळची आहे. मामलेदार हा महसूल अधिकारी, तोच तालुक्याचा दंडाधिकारी, आणि कूळ व मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) यांचे दावेही त्याच्यापुढेच चालतात. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा यांवर गोव्यातील हजारो घरांचे आणि शेतांचे भवितव्य अवलंबून आहे. २०१४ च्या दुरुस्तीने हे दावे दिवाणी न्यायालयांकडे देण्याचे ठरले; त्यावर गावोगावी नाराजी झाली, कारण न्यायालयात जायचे म्हणजे वकील लावायचा, खर्च करायचा; आणि पुढे ते अधिकार पुन्हा मामलेदारांकडे आले. येथे माझे मत सरळ नाही. अनुच्छेद ५० च्या दृष्टीने न्यायालय योग्य. गरीब मुंडकाराच्या दृष्टीने तालुक्याच्या गावी, ओळखीच्या भाषेत ऐकून घेणारा अधिकारी सोयीचा. पण ज्याला निवडणुकीच्या, पुराच्या आणि बंदोबस्ताच्या कामावर सरकार केव्हाही धाडू शकते, तो अधिकारी तारखा देत राहतो, आणि दावा वर्षानुवर्षे पडून राहतो. ही खुर्ची वेगळी नसण्याची किंमत तो मुंडकारच मोजतो.

जाब कोणाला विचारायचा

कागदाची जात, अधिकाराचे कलम आणि सही करणाऱ्याची पदे कळली, की दार आपोआप ठरत जाते. धोरणच चुकीचे वाटत असेल, तर ते विधानसभेचे काम आहे: आपल्या किंवा विरोधी आमदाराला तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना किंवा खाजगी ठराव मांडण्यास सांगावे, आणि सांगताना कलमासह लेखी टिपण द्यावे. कारण नुसत्या तक्रारीवरून नेमका प्रश्न तयार होत नाही. धोरण मान्य, पण अधिकार ओलांडला असेल, तर ते न्यायालयाचे काम आहे. अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जाता येते. आणि कायद्याप्रमाणे करायचे काम अधिकारी करीतच नसेल, तर आधी त्याच्या वरिष्ठाकडे लेखी अर्ज, माहितीचा अर्ज, आणि मगच न्यायालय. हा क्रम पाळलेला असला की न्यायालयही याचिकेकडे वेगळ्या नजरेने पाहते.

सभागृहाच्या दाराला मोठी ताकद आहे, मात्र ते उघडे असते थोडेच दिवस. जुलै २०२१ मध्ये तीन दिवसांच्या अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, जुन्या रहिवाशांना राहत्या घराची मालकी देऊ पाहणारे भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक मंजूर झाले. लोकांतून तीव्र विरोध झाल्यावर ते राज्यपालांकडे पाठवणार नसल्याचे मुख्यमंत्र्यांनी जाहीर केले. विरोध करणाऱ्यांना दिलासा मिळाला, हे खरे. पण सभागृहाने मंजूर केलेले विधेयक पुढे न्यायचे की नाही, हे सरकारने एकट्याने ठरवले, याकडेही लक्ष द्यायला हवे. ज्या सभागृहात विधेयक समितीकडे न जाता एका दिवसात मंजूर होते, तेथे विधिमंडळाचे काम कार्यकारी मंडळाने करून टाकलेले असते.

सभागृहाच्या आतील कामकाजात न्यायालयाने पडू नये, असे अनुच्छेद २१२ सांगतो, आणि न्यायाधीशांच्या वर्तनावर सभागृहाने चर्चा करू नये, असे अनुच्छेद २११ सांगतो. या दोन्ही कुंपणांना फटी आहेत. मार्च २०१७ मध्ये ४० पैकी १७ जागा मिळवलेला पक्ष बाजूला राहून १३ जागांच्या पक्षाला सरकार स्थापनेचे निमंत्रण मिळाले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने राज्यपालांच्या निवडीत हात न घालता १६ मार्च रोजी सभागृहात बहुमत सिद्ध करण्यास सांगितले. निर्णय आमदारांवर सोपवला, तारीख मात्र न्यायालयाने ठरवली. माझ्या मते मर्यादा पाळण्याचा हा नमुना आहे. पक्षांतराच्या बाबतीत चित्र तेवढे समाधानकारक नाही. सभापती अपात्रतेच्या याचिका ऐकतात, तेव्हा ते न्यायाधिकरण असतात आणि त्यांचा निर्णय न्यायालयाला तपासता येतो, हे १९९२ मध्येच ठरले. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा याचिका साधारण तीन महिन्यांत निकाली काढाव्यात असेही सांगितले. जुलै २०१९ मध्ये गोव्यात १० आमदारांनी एकदम पक्ष बदलला. त्यांच्याविरुद्धच्या याचिकांवर सभापतींचा निर्णय एप्रिल २०२१ मध्ये आला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल फेब्रुवारी २०२२ मध्ये, म्हणजे पुढच्या निवडणुकीचे मतदान झाल्यावर. तारखांचा तक्ता करण्याची सवय येथेही उपयोगी पडते.

न्यायालय हद्द ओलांडते का

हा प्रश्न गोव्यात खाणींवरून आणि वाघांवरून विचारला जातो, आणि तो भावनेने नव्हे, निकाल वाचून तपासावा. २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील लोहखनिजाच्या उत्खननावर वर्षाला २ कोटी टनांची अंतरिम मर्यादा घातली; ७ फेब्रुवारी २०१८ रोजी दुसऱ्यांदा नूतनीकरण केलेले ८८ खाणपट्टे रद्द केले. किती खनिज काढावे हा आकडा ठरवणे एरवी सरकारचे काम आहे, आणि न्यायालयाने तो तज्ज्ञ समितीच्या शिफारशीवरून घातला. मर्यादा ठरवण्याची वेळ सरकारने न्यायालयावर येऊ दिली होती, हे ही टीका करताना विसरू नये.

म्हादई अभयारण्य व परिसर व्याघ्र प्रकल्प म्हणून तीन महिन्यांत अधिसूचित करावा, असा आदेश उच्च न्यायालयाने २४ जुलै २०२३ रोजी दिला, तो अधिक बारकाईने वाचण्यासारखा आहे. राज्य सरकारने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. व्याघ्र प्रकल्प असावा की नसावा, यावर न्यायालयाने स्वतःची पसंती लादली, की वन्यजीव संरक्षण कायद्यातील शब्दांनुसार केंद्राच्या व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची शिफारस राज्यावर बंधनकारक आहे असा अर्थ लावला? निकालात दुसरी गोष्ट आहे, आणि कायद्याचा अर्थ लावणे हे न्यायालयाचेच काम. तो अर्थ चुकीचा आहे असे म्हणता येईल. हद्द ओलांडली असे म्हणण्यासाठी आणखी आधार लागेल. कोणत्याही निकालाच्या बाबतीत, आदेशाच्या आधीचा परिच्छेद वाचून तेथे कायद्याचे कलम आहे की न्यायाधीशांचे मत आहे, एवढे पाहावे.

निकाल सरकारला नकोसा झाला आणि विधानसभेने त्यावर कायदा केला, तर त्याचीही परीक्षा ठरलेली आहे. ज्या त्रुटीमुळे निकाल विरुद्ध गेला ती त्रुटी पूर्वलक्षी प्रभावाने दूर करण्याचा अधिकार विधिमंडळाला आहे. निकाल बंधनकारक नाही, असे नुसते जाहीर करण्याचा नाही. नवी दुरुस्ती पहिल्या मालिकेत छापून आली, की तिच्या शेजारी तो जुना निकाल ठेवावा आणि त्यात दाखवलेली त्रुटी दुरुस्तीच्या कोणत्या कलमात भरून काढली आहे, ते बोट ठेवून शोधावे. सापडले नाही, तर ते टिपण तारीख घालून वकिलाकडे न्यावे.